पडद्यावरचा पदर : वाचकांचे प्रश्न

गेल्या अंकात आम्ही ‘मोबाइलवरील व्हिडिओ आणि घरातले कपडे’ या विषयावर प्रश्न मागवले होते. वस्त्रशास्त्र शिकवण्यात माझी बरीच वर्षे गेल्यामुळे पोत, रंग, धुलाई यांविषयी पत्रे येतील अशी माझी अपेक्षा होती. आलेली पत्रे मात्र बहुतेक माणसांविषयीची निघाली : मुलगी ऐकत नाही, सासूबाई थांबत नाहीत, गिऱ्हाईक समजून घेत नाही. त्यांतील काही निवडक पत्रांना येथे उत्तरे देत आहे. पत्रे आशय न बदलता संक्षिप्त केली आहेत आणि लिहिणाऱ्यांची नावे त्यांच्या इच्छेनुसार गाळली आहेत.

प्रश्न : मुलीचे लग्न मार्गशीर्षात आहे. आमच्याकडे दोन्हीकडची मंडळी एका दुकानात बसून बस्ता बांधतात. मुलीने मात्र साखरपुड्यापासून स्वागतसमारंभापर्यंत सहा प्रसंगांसाठी सुमारे ऐंशी व्हिडिओ जपून ठेवले आहेत आणि घरातल्या प्रत्येकाने कोणता रंग घालायचा हेही तिने ठरवून टाकले आहे. माझे दीर पिस्ता रंगाचा कुर्ता घालायला तयार नाहीत. खर्चाचा आकडा ऐकल्यापासून यजमान गप्प आहेत. मार्ग काय? (एक आई, सांगली)

बस्ता म्हणजे काय होते, ते आधी आठवून पाहू. पांढऱ्या गादीवर मंडळी बसायची, चहा यायचा, दुकानदार एकामागून एक साडी उलगडून टाकायचा. कोणी आत्या पदराचे टोक अंगठा आणि तर्जनीत धरून चोळून पाहायची, कोणी काकू ती दारापाशी उजेडात न्यायची, मानपानाच्या आणि आहेराच्या साड्यांचे गठ्ठे वेगळे पडायचे, आणि एकूण रक्कम किती झाली हे सगळ्यांच्या डोळ्यांदेखत वाढत जायचे. या पद्धतीचे मी फार गोडवे गाणार नाही, कारण तिथे नवरीला सर्वांत कमी विचारले जाई. माझ्या बस्त्याच्या वेळी मी कोपऱ्यात बसून होते आणि माझा डाळिंबी शालू काकूंनी पसंत केला. मला अबोली रंग हवा होता, हे मी घरी परतल्यावर आईला सांगितले. आपल्या मुलीला स्वतःची पसंती आधीच ठाऊक आहे आणि ती उघड सांगण्याचे धैर्य तिच्यात आहे, ही व्हिडिओंनी दिलेली चांगली गोष्ट मानावी.

त्या बदल्यात दोन गोष्टी गेल्या आहेत. कापडाला हात लावणे गेले आणि खर्च सर्वांसमक्ष मोजणे गेले. ऐंशी व्हिडिओ तिने रात्री एकटीने पाहिले असणार. प्रत्येकातली साडी किंवा घागरा स्वतंत्रपणे परवडण्यासारखा वाटतो आणि बेरीज शेवटी घरच्यांच्या पुढ्यात येते. म्हणून एका संध्याकाळी यजमान, दीर, मुलगी आणि आपण एकत्र बसावे आणि मोठ्या पडद्यावर ते व्हिडिओ तिलाच दाखवायला सांगावे. प्रत्येक कपड्यापुढे एकच प्रश्न विचारावा : लग्नानंतर हा कुठे घातला जाईल? ज्याला उत्तर नाही तो भाड्याने आणावा. संगीताचा घेरदार घागरा बहुधा याच वर्गात जाईल. त्याच्या आतले जाळीचे अस्तर इतके फुगीर असते की कपाटाचा एक कप्पा तो एकटाच अडवतो.

हळदीविषयी थोडे सविस्तर लिहिते. पूर्वी हळदीला जुनेरे नेसत, त्याला कारण होते. हळदीचा डाग साबण लागला की लालसर होतो आणि पुरता जाता जात नाही. उन्हात वाळवला तर हळूहळू फिका पडतो, इतकेच. आता मात्र सर्वांत नाजूक पिवळा पोशाख नेमका त्याच दिवशी घालतात, कारण पिवळ्यावर पिवळे चित्रीकरणात सुंदर दिसते. साधे पिवळे सुती कापड ताग्यातून घ्यावे आणि ओळखीच्या शिंप्याकडून घरातल्या सर्वांचे कपडे त्यातच शिवावेत. चित्रीकरणात ते उणे दिसणार नाही आणि डाग पडला तर जीव हळहळणार नाही.

राहिला पिस्ता रंग. लग्नाच्या व्हिडिओंतले फिकट रंग संध्याकाळच्या कलत्या उन्हात टिपलेले असतात आणि नंतर संगणकावर त्यांची छटा सुधारलेली असते. आपल्या मंगल कार्यालयाच्या ट्यूबलाइटखाली तोच पिस्ता आजारी माणसासारखा दिसतो. मुलीला कार्यालयात नेऊन एक पिस्ता ओढणी तिथल्या दिव्यांखाली धरून दाखवावी. वादाची गरज उरणार नाही. दिरांनी पांढरा कुर्ता घालावा आणि खांद्यावर त्या रंगाचे उपरणे घ्यावे. छायाचित्रात रंगसंगती राहते आणि माणूसही रुसत नाही.

प्रश्न : आमच्या घरात कपड्यांना एक रीत होती. आता हळदीला काय, संक्रांतीला काय, डोहाळजेवणाला काय, सगळे रील ठरवते. ही नवी गुलामगिरी नव्हे काय? (निवृत्त शिक्षक, रत्नागिरी)

सर, रीत बाहेरून घरात येणे नवे नाही. बालगंधर्वांनी (१८८८–१९६७) रंगभूमीवर नेसलेल्या साड्यांची आणि त्यांच्या केशरचनेची नक्कल त्या काळच्या घरंदाज स्त्रिया करीत, आणि त्या साड्या नेसणारा एक पुरुष नट होता याचे कोणाला वावडे वाटले नाही. नवरात्रातील नऊ दिवसांचे नऊ रंग या शतकाच्या सुरुवातीला एका मराठी दैनिकाने छापायला घेतले. बँकेतल्या, शाळेतल्या आणि लोकलच्या डब्यातल्या स्त्रियांनी ते असे उचलून धरले की आज पुष्कळांना ती पूर्वापार चालत आलेली परंपरा वाटते. मालिकेतल्या नायिकेचे मंगळसूत्र सराफाकडे मागणाऱ्या आयाही आपण पाहिल्या आहेत.

बदलला आहे तो वेग. जून २०२० च्या अखेरीस टिकटॉकवर भारतात बंदी आली आणि पुढच्या काही महिन्यांतच इन्स्टाग्रामने रील्स व यूट्यूबने शॉर्ट्स येथे आणले. दुकाने टाळेबंदीने कधी उघडी, कधी बंद होती आणि फोन प्रत्येकाच्या हातात होता. नाटक, वर्तमानपत्र आणि मालिका घरातल्या सर्वांना एकच गोष्ट दाखवीत, त्यामुळे तिच्यावर जेवताना बोलणे तरी होई. रील आपल्याला एक दाखवते, आपल्या नातीला दुसरे.

त्यातून बरे-वाईट दोन्ही झाले आहे. खणाचे उदाहरण घ्या. कर्नाटकातील गुळेदगुड्डचा खण हा अरुंद पन्ह्याचा (रुंदीचा), केवळ चोळीसाठी विणलेला. तो विस्मरणात चालला होता. व्हिडिओंनी त्याला परत आणले आणि आता खणाची साडी, परकर-पोलके, कुर्ता, इतकेच काय तोरणेही दिसतात. मात्र अरुंद मागावर साडीच्या पन्ह्याचे कापड निघत नाही. बाजारातल्या बहुतेक खण साड्या यंत्रमागावरच्या असतात आणि त्यांत कृत्रिम धागा पुष्कळदा असतो. नाव परतले, त्याचा विणकराला किती लाभ झाला हा वेगळा हिशेब आहे. आपल्या नातीने खणाचे परकर-पोलके मागितले असेल तर तिला नकार देऊ नका, पण तिच्या पणजीची एखादी खणाची चोळी घरात असली तर ती शेजारी ठेवून दोन्हींना हात लावायला सांगा.

प्रश्न : माझ्या सासूबाई ७१ वर्षांच्या आहेत. दुपारी फेसबुकवर साड्यांची थेट (लाइव्ह) विक्री पाहतात आणि घरपोच पैसे देण्याच्या सोयीने साड्या मागवतात. गेल्या सहा महिन्यांत १९ साड्या आल्या. नेसल्या दोन. काही बोलले तर त्या म्हणतात, ‘माझ्या पेन्शनचे पैसे आहेत.’ (सून, कोल्हापूर)

पैसे त्यांचे आहेत हे म्हणणे खरेच आहे, तेव्हा बोलणे तिथून सुरू करू नये. आपल्या पत्रातील एका वाक्यावर मी थांबले : गुडघ्यांमुळे त्या चार वर्षांत महाद्वार रोडला गेलेल्या नाहीत. एके काळी दिवाळीआधी जावांबरोबर पायी जाऊन चार दुकाने पालथी घालणारी बाई आता घरात बसून आहे, आणि दुपारी तीन वाजता पडद्यावरची एक हसतमुख मुलगी तिला म्हणते, ‘नमस्कार काकू, आज उशीर झाला का?’ थेट विक्रीत टिप्पणी लिहिली की विक्रेती नावाने हाक मारते. साडीवरचा क्रमांक, त्याचा स्क्रीनशॉट, व्हॉट्सॲपवर पत्ता, ‘शेवटचे दोनच पीस’ ही घाई हे सारे नंतरचे. सासूबाई साडी विकत घेतात त्याहून अधिक बाजारात जाऊन येतात, असे मला वाटते.

ही घाई पुष्कळदा खोटी असते, आणि ग्राहकाला फसवण्याच्या अशा युक्त्यांविरुद्ध केंद्र सरकारने नोव्हेंबर २०२३ मध्ये मार्गदर्शक तत्त्वे काढली. तेरा प्रकारच्या युक्त्यांत खोट्या निकडीचा समावेश आहे. पण हे त्यांना वाचून दाखवण्याने फार साधेल असे नाही. त्याऐवजी आठवड्यातून एक दुपार त्यांच्या शेजारी बसून तीच विक्री पाहावी आणि त्यांनाच परीक्षक करावे : ‘आई, ही खरी सुती वाटते का तुम्हाला?’ पन्नास वर्षे साड्या नेसलेल्या बाईला पडद्यावरही सुरकुती पाहून पुष्कळ कळते. तिला कोणी विचारत नाही इतकेच. न नेसलेल्या सतरा साड्या उलगडून त्यांच्यापुढे ठेवा आणि कोणती कोणाला आहेर म्हणून द्यायची हे त्यांनाच ठरवू द्या. फोनवर नकोसा व्हिडिओ आला की तो बोटाने दाबून धरावा. असे व्हिडिओ दाखवू नयेत असे सांगण्याचा पर्याय तिथे येतो. आपण एखाद्या व्हिडिओवर थांबतो तेवढ्यावरूनच पुढचे व्हिडिओ ठरतात, म्हणून त्यांच्या फोनवर भजनाचे, भरतकामाचे, कोल्हापूरच्या जुन्या गल्ल्यांचे व्हिडिओ आपण मुद्दाम शोधून लावून द्यावेत. आणि शक्य झाल्यास एकदा रिक्षा करून त्यांना खरोखर महाद्वार रोडला न्यावे. काही घेतले नाही तरी चालेल.

प्रश्न : मी ब्लाउज शिवते. पूर्वी बायका जुना ब्लाउज मापाला आणत, आता फोन आणतात. ‘अगदी असाच हवा’ म्हणतात. तसा झाला नाही की शिलाईचे पैसे कापतात. व्हिडिओतला ब्लाउज आणि माझा ब्लाउज यांत चूक कोणाची? (शिवणकाम करणाऱ्या ताई, बार्शी)

ताई, आपल्याला माहीत असलेलेच मी वाचकांसाठी सांगते. व्हिडिओत ब्लाउज समोरून दिसतो तेव्हा पाठीमागे तो पुष्कळदा टाचण्यांनी किंवा चिमट्यांनी आवळलेला असतो. तो पुतळ्यावर असेल तर पुतळा श्वास घेत नाही. मुलीच्या अंगावर असेल तर ती हात खाली सोडून उभी असते. वरमाला घालताना हात वर गेला की मुंढ्याची, म्हणजे बाही जोडलेल्या जागेची, खरी परीक्षा होते, आणि तेवढा भाग व्हिडिओत नसतो. दुसरी गोष्ट कापडाची. खोल चौकोनी गळा किंवा उभी कॉलर ताठ कच्च्या रेशमावर उभी राहते. गिऱ्हाईक त्याच गळ्यासाठी जॉर्जेट आणते, आणि गळा पडला की दोष टाक्याला येतो. आतले अस्तर, पॅड, गळ्याला लावलेली कडक पट्टी हेही बाहेरून दिसत नाही. शिवाय साडीसोबतचे कापड साधारण ८० सेंटीमीटर असते; व्हिडिओतल्या लांब बाह्या त्यात प्रत्येक मापाला बसतीलच असे नाही.

व्यवहाराविषयी माझे मत असे की फोन पाहायला नकार देऊ नये, परंतु फोनवर विसंबून कापडाला कात्री लावू नये. गिऱ्हाइकाकडून त्या नमुन्याचे चित्र स्वतःच्या फोनवर मागवून घ्यावे, आणि वहीत त्या ऑर्डरसमोर तीन ओळी लिहून त्यांच्यासमक्ष वाचाव्यात : या कापडात काय जमेल, काय जमणार नाही, आणि अस्तर-पॅडसह शिलाई किती. कच्ची टीप मारून एकदा अंगावर घालून पाहण्याचा दिवस आधीच द्यावा. त्या वेळी त्यांना दोन्ही हात वर करायला आणि खाली बसायला सांगावे. बाजूच्या शिवणीत नेहमीपेक्षा अर्धा इंच जास्त माया (आत दुमडलेले जादा कापड) ठेवावी, म्हणजे पुढच्या वर्षी उसवून सैल करता येईल. व्हिडिओतल्या ब्लाउजला माया किती आहे हे आजवर कोणी दाखवलेले मी पाहिले नाही.

आणि वाचक भगिनींना विनंती : नमुना दाखवताना सोबत आपला नीट बसणारा जुना ब्लाउजही न्या. सुती ब्लाउजपीस आणि अस्तर शिवायला देण्याआधी भिजवून, वाळवून द्या, नाहीतर पहिल्या धुण्यात दोन्ही वेगवेगळे आटतात आणि तो दोषही शिवणाऱ्या बाईच्या पदरात पडतो.

प्रश्न : चौदा वर्षांचा मुलगा व्हिडिओ पाहून ‘२४० जीएसएम’चे काळे, ढगळ टी-शर्ट मागतो. हे जीएसएम काय प्रकरण आहे? (वडील, चंद्रपूर)

एक चौरस मीटर कापडाचे ग्रॅममधील वजन म्हणजे जीएसएम. नेहमीचा टी-शर्ट १६० ते १८० चा असतो. २४० चे कापड जाड असल्यामुळे अंगाला न चिकटता सरळ खाली पडते आणि खांदा उतरलेली ती ढगळ बैठक त्यामुळेच मिळते. मुलाला ही गोष्ट व्हिडिओतून कळली असेल तर तो कापडाचे वजन विचारणारा तुमच्या घरातला पहिला माणूस आहे, तेव्हा रागावू नका. मात्र मे महिन्यात ४५ अंशांच्या पुढे जाणाऱ्या गावात दुपारी जाड काळा टी-शर्ट घालणे म्हणजे अंगावर तवा बांधणे. हलक्या रंगाचे १८० चे सुती टी-शर्ट एक-दोन मापांनी मोठे घ्या. ढगळपणा बराचसा साधेल. काळा, जाड असा एक घ्या, डिसेंबरसाठी.

प्रश्न : आम्ही डॅलसला राहतो. मुंजीसाठी व्हिडिओ कॉलवर पैठणी घ्यायची आहे. विक्रेते ‘ऑथेंटिक हँडलूम’ म्हणून ९ हजारांची दाखवतात आणि दुसरीकडे तशीच दिसणारी ६० हजारांची. पडद्यावर फरक कळत नाही. (वाचक भगिनी, अमेरिका)

पडद्यावर फरक कळतो, फक्त कॅमेरा योग्य ठिकाणी नेण्यास सांगावे लागते. विक्रेत्याला पदर उलटा करून दाखवायला सांगा. हातमागावरच्या पैठणीत पदरावरील मोर, मुनिया किंवा नारळी नक्षी छोट्या कांड्यांवरील रंगीत धागे एकमेकांत अडकवून विणलेली असते, म्हणून पदर सुलट आणि उलट जवळजवळ सारखा दिसतो. यंत्रमागावरच्या जॅकार्ड नक्षीत मागील बाजूस सुटे धागे लोंबतात किंवा ते कातरल्याच्या खुणा दिसतात. सेमी पैठणी हा शब्द ऐकू आला तर पुढे विचारायची गरज नाही; ती यंत्रमागाची आहे. तीही नेसावी, मुंजीत छान दिसते, परंतु पैसे तिच्या दराने द्यावेत.

साडीवरच्या प्रमाणखुणांचे अर्थ वेगवेगळे आहेत आणि व्हिडिओत ते सर्रास एकत्र मिसळले जातात. सिल्क मार्क रेशीम शुद्ध असल्याचे सांगते; साडी हातमागाची की यंत्रमागाची याविषयी ते काही सांगत नाही. त्यासाठी २००६ साली सुरू झालेले हँडलूम मार्क आहे. पैठणीला भौगोलिक मानांकनही आहे. जरीविषयी स्वतंत्रपणे विचारा : तिच्यात चांदी आहे, तांब्यावर मुलामा दिलेली ‘टेस्टेड’ जरी आहे, की प्लास्टिकची आहे. येवल्यात किंवा पैठणला नातेवाईक असतील तर त्यांनाच दुकानात उभे करून कॉल करावा, कारण शेवटी कोणीतरी बोटांनी पाहिलेले बरे.

रंगाचे सांगायचे तर फोनचा कॅमेरा प्रकाशानुसार रंग आपोआप बदलतो आणि गोल दिव्याखाली (रिंग लाइट) जरीचे काम भडक चमकते. धूपछाँव पोतात उभा धागा एका रंगाचा, आडवा दुसऱ्या रंगाचा असतो. कॅमेऱ्याला एका वेळी एकच सापडतो. विक्रेत्याला साडी खिडकीपाशी नेऊन तिच्यावर पांढरा हातरुमाल ठेवायला सांगा. रुमाल तुमच्या पडद्यावर पांढराच दिसला तर साडीच्या रंगावर बऱ्यापैकी विश्वास ठेवता येतो. आणि रंगाचे नाव मराठीत विचारून पाहा. ‘वाईन’ म्हणजे कोणाला जांभळा, कोणाला मरून. पण ‘वांगी रंग’ म्हटले की येवल्यापासून डॅलसपर्यंत एकच वांगे डोळ्यांपुढे येते.

प्रश्न : ‘पार्सल उघडतानाचा सलग व्हिडिओ नसेल तर तक्रार घेणार नाही’ ही अट कायदेशीर आहे का? आणि व्हिडिओ करणाऱ्या ताईंना पैसे मिळतात हे कसे ओळखायचे? (वाचक, जळगाव)

ग्राहक संरक्षण (ई-कॉमर्स) नियम, २०२० अन्वये माल सदोष असेल, बनावट असेल किंवा जाहिरातीत सांगितल्यासारखा नसेल तर तो परत घेण्यास विक्रेत्याला नकार देता येत नाही. उघडतानाचा व्हिडिओ हा चांगला पुरावा आहे आणि तो जरूर करावा. तो केला नाही म्हणून आपला हक्क संपत नाही. दाद मिळाली नाही तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक १९१५ आहे.

गेल्या वर्षी मी स्वतः एका व्हिडिओवर भुलून ‘हातमागाची शुद्ध सुती’ म्हणून साडी घेतली. पहिल्या धुण्यात ती पाणीच धरेना, तेव्हा संशय आला. पदराच्या कडेचा एक दोरा ओढून चिमट्यात धरून जाळला. सुती दोरा कागदासारखा जळतो आणि त्याची हलकी राख होते. हा वितळला आणि त्याचा कडक काळा मणी झाला. (रेशमाचा दोरा जळताना केस जळल्यासारखा वास येतो. हा प्रयोग मोरीत, जवळ पाणी ठेवून करावा.) विक्रेत्याने माझे लेखी म्हणणे दोनदा टाळले होते. दोरा जाळतानाचा व्हिडिओ पाठवला त्या संध्याकाळी पैसे परत आले.

व्हिडिओ करणाऱ्यांविषयी केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाने जानेवारी २०२३ मध्ये सूचना काढल्या आहेत. पैसे, फुकट मिळालेली वस्तू, सवलत किंवा विक्रेत्याशी नाते यांपैकी काहीही असेल तर ते स्पष्ट सांगावे लागते; व्हिडिओत ते लिहूनही दिसले पाहिजे आणि बोलूनही सांगितले पाहिजे, थेट प्रक्षेपणात तर सतत दिसले पाहिजे. दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीसाठी १० लाख रुपयांपर्यंत आणि पुन्हा केल्यास ५० लाखांपर्यंत दंड होऊ शकतो. प्रत्यक्षात ‘लिंक खाली दिली आहे’ हे वाक्य ऐकू आले की त्या लिंकवरून झालेल्या खरेदीतून बोलणाऱ्याला बहुधा कमिशन मिळते, असे समजून पुढचे ऐकावे. कमिशन घेणारी ताई खोटेच बोलते असे नाही. साडी दुसऱ्यांदा धुतल्यावर कशी दिसते हे ती दाखवते का, ते पाहावे.

प्रश्न : आजीचे रेशमी लुगडे मला मिळाले आहे. आमच्या घरात नऊवारी नेसवणारे आता कोणी उरले नाही. व्हिडिओ पाहून तीनदा नेसले, तिन्ही वेळा सुटले. शिवलेली घेऊ का? (वाचक भगिनी, इंदूर)

शिवलेली नऊवारी गर्दीच्या कार्यक्रमात सोयीची असते, पण आपल्या हाती लुगडे असताना इतक्यात हार मानू नका. व्हिडिओंचा सर्वांत मोठा उपकार कोणता असे मला विचारले तर मी नेसण याचेच नाव घेईन. घरात दाखवणारी आजी नसलेल्या मुली आज पडद्यावर पाहून काष्टा घालतात.

सुटण्याची कारणे बहुधा दोन असावीत. पहिले, लांबी. नऊ वार म्हणजे सुमारे सव्वाआठ मीटर. जुन्या लुगड्याचा फाटका भाग कापून पुन्हा जोडण्याची रीत होती, म्हणून आधी टेपने मोजा. ते आठ वारच भरले तर व्हिडिओतल्या इतक्या निऱ्या येणार नाहीत, आणि तेवढ्या घालू पाहिल्यास काष्ट्याला कापड कमी पडते. दुसरे, गाठ. व्हिडिओत पुष्कळदा आत घट्ट चोळणा (आखूड विजार) आणि ठिकठिकाणी टाचण्या असतात, त्या हाताआड जातात. आजीचे सारे लुगडे कमरेच्या एका गाठीवर उभे असे. ही गाठ बेंबीजवळ, श्वास आत घेऊन, दोनदा घट्ट मारावी लागते. रेशीम निसटते, म्हणून शिकताना बाजारातून साधी सुती नऊवारी आणावी आणि तिच्यावर पंधरा दिवस सराव करावा. व्हिडिओ निम्म्या वेगाने चालवता येतो. नेसवणारीची पाठ दिसते असाच व्हिडिओ निवडा, कारण काष्टा मागे कसा खोचला जातो हे समोरून कळत नाही.

रेशमी लुगडे अंगाला लावण्याआधी दिवसा खिडकीसमोर धरून घड्यांच्या रेषा तपासा. वर्षानुवर्षे एकाच घडीत राहिलेले रेशीम त्या रेषेवर विरते आणि पहिल्याच ओढीला टरकते. तशी रेषा दिसली तर ती निऱ्यांत किंवा काष्ट्यात येऊ देऊ नका, तिथे ताण सर्वाधिक असतो. खांद्यावरून सैल सोडलेल्या भागात ती येईल अशी नेसणी बसवा. सराव झाला की मला परत लिहा, पदराच्या बाजूने सुरुवात केली की दुसऱ्या टोकाने, तेही कळवा.